सातारा : जिथे घरंच्या घरं धावतात

मुलांचे डबे, नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंची औषधं आणि आठ-बाराची लोकल. यातून धावायला वेळ काढायचा तरी कसा? डोंगरांनी वेढलेल्या एका गावातल्या माणसांनी हे कोडं आपापल्या परीनं सोडवलंय.

रविवारी पहाटे पाच-सव्वापाचला कुठल्याही जिल्ह्याच्या गावात फिरलात तर साधारण सारखंच चित्र दिसतं. दुधाचे टेंपो, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुलं, एसटी स्टँडसमोर चहाचं पहिलं आधण आणि देवळाकडे निघालेली दोन-चार वयस्कर माणसं. साताऱ्यातही हे सगळं असतं. पण त्याच्या जोडीला आणखी एक आवाज असतो, बुटांचा. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे आणि राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे दोघं-दोघं, चौघं-चौघं माणसं धावत निघालेली दिसतात.

त्यांत कॉलेजातली पोरं असतात, तसे साठी ओलांडलेले निवृत्त फौजीही असतात. पंजाबी ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या गृहिणी असतात आणि बापाच्या मागे कुरकुरत पळणारी आठवी-नववीतली मुलंही असतात. चेहऱ्यांवरून ही मंडळी खेळाडू वाटत नाहीत आणि बहुतेक जण ती नसतातच. नऊ वाजले की यांतलंच कुणी दुकानाचं शटर वर करतं, कुणी शाळेत हजेरी घेतं, तर कुणी दवाखान्यात पेशंट तपासतं.

आमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो. ‘धावायला सुरुवात करते, पण महिनाभराच्या वर टिकत नाही. मन कसं लावू?’ हा प्रश्न मला परका नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती मी दोन वर्षं नेमानं धावत होते. मग लेकीची शाळा सकाळची झाली, धाकट्यानं पहिलीत प्रवेश घेतला, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि तलाव पाच महिने मला फक्त रिक्षातून दिसला. तेव्हा सुट्टीत सगळ्यांनी मिळून साताऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा मी वहीबरोबर बूटही पिशवीत टाकले. सासूबाईंचं माहेर साताऱ्याचं, मंगळवार पेठेतलं. मामा-मामींचं घर तिथंच आहे. राहायची सोय आयतीच होती.

डोंगर दाराशीच

साताऱ्यात धावायचं ठरवलं तर चढ चुकवता येत नाही. शहराच्या दक्षिणेला अगदी डोक्यावर अजिंक्यतारा उभा आहे. याच किल्ल्यावर १७०८ मध्ये शाहू महाराजांनी मराठ्यांची राजधानी थाटली आणि त्याच्या उताराशी पुढं शहर वाढलं. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. घराच्या खिडकीतून पाहिलं की कुठला तरी कडा दिसतोच.

शिवाय या जिल्ह्याच्या अंगात कवायत मुरलेली आहे. जवळच अपशिंगे नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌ पिढ्या तिथले जवान सैन्यात जात आले, म्हणून लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी पोरं हे इथलं जुनंच दृश्य. नवं आहे ते त्यांच्या शेजारून धावणाऱ्या काकू आणि काका.

हा बदल झाला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. शहरातल्या धावण्याची आवड असलेल्या काही मंडळींनी एकत्र येऊन २०१२ मध्ये पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरवली. पावसाळा सरता सरता होणारी ही शर्यत एकवीस किलोमीटरची. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि वळून त्याच वाटेनं खाली उतरायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग चढाचा आणि दुसरा उताराचा. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर एका वेळी सर्वाधिक माणसं धावल्याची नोंद या शर्यतीच्या नावावर गिनेस बुकात झाली. तेव्हा अडीच हजारांहून अधिक लोक धावले होते.

पण मी गेले तो दिवस शर्यतीचा नव्हता. मला पाहायचं होतं ते शर्यत नसतानाचं सातारा. एका दिवसाच्या जल्लोषासाठी माणूस धावतो हे समजू शकतं. पाऊस पडतोय, घरात पाहुणे आहेत, पोराला ताप आहे, अशा दिवसांच्या अध्येमध्ये तो कसा धावत राहतो, हे समजून घ्यायचं होतं.

घाटात दम लागतो तेव्हा

समर्थ मंदिराजवळ साडेपाचला भेटायचं ठरलं होतं. मामींच्या ओळखीच्या एका गटानं मला बरोबर न्यायचं कबूल केलं होतं. मी पोचले तेव्हा अकरा जण हजर होते. गटाचे प्रमुख म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, नाड्या नीट बांधल्यात ना ते विचारलं आणि गटाचे नियम सांगितले. पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबायचं नाही. सगळ्यांत मागे जो असेल त्याच्याबरोबर एकानं राहायचंच. आणि न कळवता गैरहजर राहणाऱ्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे.

‘‘आजवर सगळ्यांत जास्त पोहे कुणी खायला घातले?’’ मी विचारलं.

‘‘मीच!’’ ते हसत म्हणाले. ‘‘नियम केला तेव्हा नोकरी होती ना.’’

घाट सुरू झाला आणि पहिल्या दोन वळणांतच मला धाप लागली. तलावाभोवतीच्या सपाट रस्त्यावर सरावलेल्या पायांना चढ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पोटऱ्या ताणल्या गेल्या, श्वास वर-वर होऊ लागला. शेजारून धावणाऱ्या एका ताईंनी सांगितलं, ‘‘घाटाशी भांडायचं नाही. पावलं लहान करा. वळणाकडे बघू नका, दहा पावलांवर बघा. बोलता येत नसेल तर सरळ चाला. इथं चालण्याची लाज कुणाला वाटत नाही.’’

आणि खरंच, पुढच्या वळणावर अकरातले सहा जण चालत होते. चालता चालता मुलीच्या बारावीच्या क्लासबद्दल बोलत होते, वांग्याच्या भावाबद्दल बोलत होते. दम परत आला की पुन्हा धावू लागत. चढावर काही मिनिटं चालणं म्हणजे हरणं, असं आपण उगाच मनाशी धरून बसतो. बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, ही कसोटी डॉक्टर आणि प्रशिक्षकही सांगतात. ती घाटात आपोआप पाळली जाते, कारण घाट दुसरं काही करूच देत नाही.

वर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. मागं वळून पाहिलं तर सगळं सातारा शहर खाली पसरलेलं, त्याच्या पाठीशी अजिंक्यतारा आणि मधूनमधून ढगांचे पुंजके. यवतेश्वराच्या देवळाकडून कासच्या रस्त्याला लागलं की डोंगराची धार दोन खोऱ्यांच्या मधून जाते. एका अंगाला वेण्णेवरच्या कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं, आणि त्या बाजूला दूरवर सज्जनगड. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, तर कासचं पठार बाराशे मीटरच्या आसपास. त्यामुळं हवेतला फरक कातडीला जाणवतो. ओल्या गवताचा वास, कडेला तेरड्याचे गुलाबी ताटवे, अंगावर येऊन जाणारं धुकं. तिथं एका कठड्यापाशी सगळे थांबलो. कुणी राजगिऱ्याचे लाडू काढले, कुणी खजूर. माझ्या वाट्याला एक सुंठीची वडी आली.

वेळ कुणाच्या मालकीची?

उतरताना मला पावलं लहान ठेवायला सांगणाऱ्या त्या ताईंशी गप्पा झाल्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. चाळिशी ओलांडलेली, घरी सासू-सासरे, दोन मुलं. धावायला सुरुवात कशी झाली हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

‘‘पहिले दोन महिने मी दूध आणायच्या निमित्तानं पळत होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हातात पिशवी, पायात बूट. राजवाड्यापर्यंत पळत जायचं, दूध घ्यायचं आणि चालत यायचं. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, ‘कोपऱ्यावर दूध मिळतं, तुला चाळीस मिनिटं कशी लागतात?’ मग सांगून टाकलं. म्हणाल्या, ‘मग तसं सांग की! पिशवी कशाला नाचवतेस? दूध नासतं त्यानं.’’’

ताईंच्या म्हणण्यानुसार धावायची ताकद त्यांच्यात आधीपासून होती. नव्हती ती घरात एक वाक्य बोलायची. ‘मी रोज सकाळी अर्धा तास माझ्यासाठी बाहेर जाणार आहे,’ एवढंच ते वाक्य. बहुतेक घरांत पुरुष हे वाक्य न बोलताच बाहेर पडू शकतो. बाईला मात्र निमित्त लागतं, दूध, देऊळ, भाजी, मुलाचा क्लास. ‘मन लागत नाही’ असं ज्याला आपण म्हणतो, ते पुष्कळदा मनाचं दुखणं नसतंच. वेळ आपली आहे की उसनी घेतलेली, याचा निकाल लागलेला नसतो. उसन्या वेळेत धावणारी बाई पहिल्या अडचणीला थांबते, कारण परत करायची वेळ सगळ्यांत आधी तिचीच असते.

ही गोष्ट फक्त आपल्या घरांचीच नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे. बायकांना ती धावायला मिळाली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. इतकं अंतर त्यांना झेपणार नाही, असं तोवर पुष्कळांना वाटत होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पी. टी. उषाचं पदक चारशे मीटर अडथळा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला पाहायला आपल्याला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दहावी आलेली ती ललिता बाबर, याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची. माण म्हणजे दुष्काळी पट्टा. साताऱ्यातल्या बायका तिचं नाव घेतात ते ‘आमची ललिता’ असं.

आणखी एक नाव त्या दिवशी निघालं, बारामतीजवळच्या लता भगवान करे यांचं. साठी ओलांडलेल्या या आजी नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून बक्षिसाच्या आशेनं नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपट आला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली. ‘‘त्यांच्यापुढं आपली कारणं म्हणजे काय हो,’’ असं गटातलं कुणीतरी म्हणालं. शिक्षिकाताईंना मात्र ते पटलं नाही. ‘‘त्यांच्यावर वेळ आली म्हणून त्या धावल्या. आपल्यावर तशी वेळ येऊ नये आणि तरी धावता यावं, असं घर पाहिजे,’’ त्या म्हणाल्या.

तीन घरं, तीन तऱ्हा

तसं घर कसं बनतं, हे पाहायला पुढचे दोन दिवस मी गटातल्या काही जणांच्या घरी गेले. त्यांतली ही तीन घरं.

पहिलं घर शिक्षिकाताईंचं. दूध प्रकरणानंतर त्यांच्या घरी वाटणी झाली. सकाळचा चहा सासऱ्यांनी करायचा. ‘‘सत्तर वर्षांत पहिल्यांदा गॅस पेटवला,’’ सासरे मला अभिमानानं सांगत होते. मुलांनी अंथरुणं स्वतः काढायची. ताई सहाला परत येतात, तोवर कुणी त्यांना हाक मारायची नाही, कारण त्या घरात नसतातच! धावून आल्यावर पोळ्या त्याच करतात. पण त्या म्हणतात, आता पोळ्या करताना चिडचिड होत नाही.

दुसरं घर हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या जोडप्याचं. मुलगी चार वर्षांची, त्यामुळं दोघांनी एकाच वेळी बाहेर पडणं शक्य नाही. त्यांनी वार वाटून घेतलेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो धावतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती. रविवारी मुलीला आत्याकडे सोडून दोघं घाटात जातात. ‘‘माझा वार त्यानं मोडला तर त्याचा पुढचा वार माझा,’’ ती म्हणाली. नवरा मान डोलावत होता. हिशेब दुकानदाराच्या घरातला, त्यामुळं चोख!

तिसरं घर एका परिचारिकेचं. तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. कधी सकाळ, कधी रात्र. रोज पाच वाजता उठा, हा सल्ला तिच्या काही उपयोगाचा नाही. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. त्याच्या चौकटींत दुधाचे लिटर, गॅस सिलिंडरची तारीख, बाईचे खाडे आणि त्यांच्याच शेजारी लाल पेनानं छोटे आकडे लिहिलेले. २०, २५, ३०. ही तिनं धावलेली मिनिटं. महिन्याची ड्यूटी लागली की त्याच दिवशी ती पुढच्या चौकटींत पेन्सिलीनं आकडे लिहून ठेवते आणि धावून झालं की ते लाल करते. आठवड्याची बेरीज पंच्याहत्तर झाली की तिचं समाधान.

पंच्याहत्तरच का? तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसानं आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं करावा, किंवा दमवणारा व्यायाम ७५ ते १५० मिनिटं. भरभर चालणं पहिल्या प्रकारात येतं, धावणं दुसऱ्या. म्हणजे पंचवीस मिनिटांचे तीन दिवस. सात दिवसांत तीन वेळा पंचवीस मिनिटं! आपल्या डोक्यात मात्र रोज पहाटे तासभर असं काहीतरी असतं. ते जमत नाही म्हणून आपण पंचवीस मिनिटंही सोडून देतो.

तिन्ही घरांत मी एक प्रश्न सारखा विचारला, ‘‘कंटाळा येत नाही?’’ तिन्हीकडे उत्तर आलं, ‘‘येतो की!’’ कंटाळा आलेल्या दिवशी दुकानदारीण बाहेर पडते, कारण तिचा वार वाया जाईल. परिचारिका बाहेर पडते, कारण पेन्सिलीचा आकडा तसाच राहील. शिक्षिकाताई बाहेर पडतात, कारण समर्थ मंदिरापाशी दहा जण उभे असतात आणि पोहे करावे लागतात. मनाची उभारी येण्याची वाट यांतलं कुणीच पाहत बसत नाही.

चार भिंतींपाशी

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘‘मला चार भिंतींवर ने.’’ अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं हे हुतात्म्यांचं स्मारक म्हणजे सातारकरांची संध्याकाळी फिरायला जायची जागा. रिक्षानं जमेल तेवढं वर गेलो आणि उरलेली वाट त्या माझ्या हाताला धरून सावकाश चढल्या. मुलं आणि नवरा पुढं निघून गेले होते.

वर दगडी कठड्यावर बसून त्यांनी खाली बोट दाखवलं. हे मंगळवार तळं, तो राजवाडा, तिथं माझी शाळा. मग किल्ल्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘नवरात्रात मंगळाईच्या दर्शनाला आम्ही मैत्रिणी पहाटे निघायचो. सगळ्यांत आधी वर कोण, अशी पैज. मी कधी हरले नाही. परकर खोचायचा आणि पळत सुटायचं. लग्न झालं, ठाण्याला आले. मग पळायचं ते दूध उतू जातंय म्हणून.’’

सोळा वर्षं मी या बाईंच्या घरात राहते आहे. त्या पळायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलालाही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘तुझं का बंद झालं?’’

‘‘शाळा सकाळची झाली ना. डबा, वेणी, बस...’’

‘‘डबा मी भरीन. उभं राहायला नको तेवढं बघ. भाजी रात्री चिरून ठेव आणि कणीक मळून. वेणी तिच्या बापाला शिकव.’’

त्या काही उदार होऊन बोलत नव्हत्या, हिशेब मांडत होत्या. त्या हिशेबात एक अटही होती. संध्याकाळी मी घरी आले की पंधरा मिनिटं त्यांना घेऊन सोसायटीच्या आवारात चालायचं. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं आणि एकट्यानं जायचा त्यांनाही कंटाळा येत होता. मी कबूल केलं. खाली उतरताना लेकीला हे सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, ‘‘बाबा वेणी घालणार?’’

परतल्यावर पहिल्या आठवड्यात वेण्या वाकड्या झाल्या. डब्यात दोनदा लोणचं-पोळी गेली. एकदा बस चुकली आणि नवरा स्कूटरवरून मुलीला सोडून आला. पण कालनिर्णयच्या चौकटींत माझे तीन लाल आकडे पडले आणि सासूबाईंनी स्वतःच्या चालण्याचे पाच. त्यांचे निळ्या पेनानं. लाल माझा म्हणून त्यांनी निळा मागून घेतला.

तुम्हाला जायचं असेल तर

सातारा पुण्याहून सुमारे ११० किलोमीटर आणि मुंबईहून अडीचशेच्या आसपास. पुण्याच्या स्वारगेट स्थानकावरून एसटी गाड्या वारंवार सुटतात. रेल्वेनं गेलात तर पुणे-मिरज मार्गावरचं सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीकडे आहे. तिथून रिक्षा करावी लागते. धावण्यासाठी ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भर पावसात घाटात दरड कोसळण्याची भीती असते, तेव्हा स्थानिकांना विचारूनच वर जा. अंधारात धावताना चमकणारी पट्टी किंवा बॅटरी जवळ ठेवा आणि येणाऱ्या गाड्या समोरून दिसतील अशा बाजूनं धावा.

आपल्याबरोबरच्या सगळ्यांना धावायचं नसेलच. त्यांच्यासाठी कासचं पठार शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कास आहे. पाऊस ओसरू लागला की सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचे गालिचे तिथं पसरतात. फुलांच्या हंगामात प्रवेशाला शुल्क असतं आणि एका दिवशी किती माणसं जाऊ शकतात यावर मर्यादाही. म्हणून आधी नोंदणी करून जावं. फुलांत बसून फोटो काढण्याचा मोह टाळा. कास तलावाचं पाणी सातारकर पितात, तेव्हा तिथं कचरा टाकणं म्हणजे कुणाच्या तरी हंड्यात टाकणं. परतताना कंदी पेढे घ्यायला विसरू नका. धावून आल्यावर दोन खाल्ले तर कुणी हिशेब विचारत नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी थेट घाटात शिरू नये. आधी महिनाभर सपाट रस्त्यावर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आलटूनपालटून करावं. चढापेक्षा उतार पायांना जास्त दुखवतो. मांड्यांचे स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात, तेव्हा उतारावर वेग आवरा. वय चाळिशीच्या पुढं असेल, रक्तदाब, मधुमेह असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोलता येईना इतका श्वास अडला तर तिथंच थांबा आणि मदत मागा. ताप असताना धावू नका.

आणि हो, बूट घ्यायच्या आधी एक काम करा. रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांना बसवा आणि आठवड्यातले तुमचे तीन वार कोणते, हे त्यांच्या समोर ठरवा. त्या वेळात दूध कोण घेईल, डबा कोण भरेल, वेणी कोण घालेल, हेही तिथंच ठरू द्या. त्या बदल्यात तुम्ही कुणाचं काय कराल, तेही सांगा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाहा, ‘तुम्ही लहानपणी कुठं पळायचात?’ उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा.